बोल्ट वाकवण्याचा सराव: सोप्या बोल्टवरून कडक बोल्टवर टप्प्याटप्प्याने कसं जायचं

हाताच्या ताकदीचा सराव करणारे बरेच जण एका ठराविक जागी येऊन अडकतात. ६ मिमीचा साधा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ स्टीलचा) बोल्ट आरामात वाकतो, मग उत्साहात दुकानातून ८ मिमीचा एचटी (हाय टेन्साइल, म्हणजे कडक स्टीलचा) बोल्ट आणतात आणि तो हलतच नाही, महिनाभर त्याच्याशी झटापट करतात, मनगट दुखायला लागतं आणि शेवटी सगळं सोडून देतात. ताकद कमी असते असं नाही, त्या दोन बोल्टांच्या मधल्या पायऱ्याच कोणी सांगितलेल्या नसतात. खाली आकडे देतोय त्यावरून दिसेल की ही उडी किती पटींची आहे.

हे सगळं ज्यांचा थोडाफार पाया झालाय त्यांच्यासाठी आहे, म्हणजे ६ मिमीची साधी सळई १५० मिमी लांबीत तुम्ही हाताने पूर्ण बंद करू शकता, म्हणजे दोन्ही टोकं ५० मिमीच्या आत आणू शकता, असं धरून चाललोय. बीपी जास्त असेल, हर्निया असेल, मनगटाला किंवा कोपराला जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण यात श्वास रोखून पूर्ण जोर लागतो. आणि लहान मुलांनी हा प्रकार करू नये.

आधी बोल्ट वाचायला शिका

बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे असतात. पहिला आकडा गुणिले १०० केला की बोल्ट तुटायची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते, आणि दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशाला स्टील कायमचं वाकायला लागतं. म्हणजे ८.८ मध्ये ८०० ला तुटतो आणि त्याच्या ०.८ म्हणजे ६४० ला वाकायला लागतो. ४.६ मध्ये ४०० आणि २४०. १०.९ मध्ये १००० आणि ९००. आपल्या कामाचा आकडा दुसरा, ज्याला यील्ड म्हणतात. हे आकडे किमान असतात हे लक्षात ठेवा, प्रत्यक्षात बोल्ट त्याहून कडक निघू शकतो, कमी निघायला नको.

इंची बोल्टमध्ये अमेरिकन ग्रेड चालतात. डोक्यावर काहीच खूण नसेल तर बहुतेक ग्रेड २, तीन रेषा असतील तर ग्रेड ५, सहा रेषा असतील तर ग्रेड ८. ग्रेड ५ चं यील्ड साधारण ६३४, ग्रेड ८ चं साधारण ८९६. पाव इंची बोल्ट म्हणजे ६.३५ मिमी.

दुकानात मागताना हाफ थ्रेडच मागा. फुल थ्रेड बोल्टमध्ये मधोमध आटे येतात, एम ८ चा, म्हणजे ८ मिमी बोल्टचा, आट्यांच्या तळाशी व्यास जेमतेम साडेसहा मिमी राहतो आणि प्रत्येक आटा म्हणजे तडा जायची जागा, तिथे वाकवायला गेलात तर मोजमाप तर चुकतंच पण बोल्ट अचानक तुटायचीही भीती. हाफ थ्रेडमध्ये १५० ते २०० मिमीच्या एम ८ ला टोकाकडे साधारण २८ मिमी आटे असतात, बाकी गुळगुळीत दांडा, आणि वाक त्या दांड्यातच पडतो.

आणखी एक, जाडी मोजायला व्हर्नियर घेऊन जा. काही एम ८ हाफ थ्रेड बोल्टांचा दांडा पूर्ण ८ मिमी नसतो, ७.२ च्या आसपास असतो. दिसायला सारखाच, पण तो वाकवायला पाव हिश्शाहून जास्त सोपा. एकाच्या हातात ७.२ वाला, दुसऱ्याच्या हातात ८ वाला, आणि मग तुलना करत बसतात.

कठीणपणा कसा मोजायचा

गोल दांडा वाकवायला लागणारा जोर व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो, यील्डच्या प्रमाणात वाढतो आणि लांबी वाढली की कमी होतो. त्यामुळे घरच्या घरी एक साधं गणित करता येतं: व्यास गुणिले व्यास गुणिले व्यास, गुणिले यील्ड, भागिले लांबी. सगळं मिमीमध्ये घ्या. येणारा आकडा म्हणजे किलो नाही, फक्त दोन बोल्टांची तुलना करायला आहे.

६ मिमी ४.६, लांबी १५० : २१६ गुणिले २४० भागिले १५०, येतात ३४६. तोच १८० लांबीत घेतला तर २८८. आता ८ मिमी ४.६, लांबी १५० : ५१२ गुणिले २४० भागिले १५०, म्हणजे ८१९. फक्त २ मिमीने जाडी वाढली आणि काम जवळपास अडीच पट झालं. ८ मिमीचा ८.८ बोल्ट १५० मध्ये २१८५ येतो. म्हणजे ३४६ वरून २१८५, सहा पटींपेक्षा जास्त. सुरुवातीला जी उडी सांगितली ती हीच.

आता गंमत बघा, ६ मिमीचा ८.८ बोल्ट १५० लांबीत ९२२ येतो, म्हणजे जाड एम ८ ४.६ पेक्षा थोडासाच वर. बारीक बोल्ट सोपा आणि जाड कठीण असं डोळ्याने ठरवू नका.

लांबी हीच खरी शिडी

ग्रेड आणि व्यास दुकानदार देईल तेच मिळतात, मधलं काही मिळत नाही, पण लांबी तुमच्या हॅक्सॉने तुम्ही ठरवता. १५० वरून १३८ केलं की साधारण नऊ टक्के कठीण होतं, १८० वरून १६८ केलं की सात टक्के. वजन उचलणाऱ्यांना छोट्या प्लेट्सचं महत्त्व माहीत असतं, इथे हॅक्सॉ तेच काम करतो.

म्हणून माझा ठाम नियम असा: एका वेळी एकच गोष्ट बदला. लांबी बदलली तर व्यास, ग्रेड, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या आणि पकड तीच ठेवा. नवीन ग्रेडवर जाताना लांबी आधी वाढवा आणि मग हळूहळू कापत खाली या.

माझी शिडी खाली देतो, कंसात वरच्या गणिताचा आकडा आहे.

६ मिमी ४.६, १८० मिमी (२८८), मग १५० (३४६). इथून एम ८ च्या बोल्टवर लगेच जाऊ नका, ८ मिमीची साधी एमएस राउंड बार हार्डवेअरवाल्याकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून घ्या, तुकडे पाडून घ्या: ३०० मिमी (४१०), २५० (४९२), २०० (६१४), १७५ (७०२), १५० (८१९). बांधकामाची काटेरी टीएमटी सळई घेऊ नका, ती जास्त कडक असते आणि तिच्या फासळ्या पट्ट्या कापतात.

त्यानंतर ६ मिमी ८.८, १५० (९२२). मग पाव इंची ग्रेड ५, सहा इंच (१०६८). मग एम ६ १०.९, १५० (१२९६), मिळाला तर. मग पाव इंची ग्रेड ८, सहा इंच (१५०९). हे इंची बोल्ट ट्रॅक्टर आणि जुन्या गाड्यांच्या पार्टच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. एवढं झालं की मग एम ८ ८.८, पण २०० लांबीत (१६३८), मग १८० (१८२०), १६५ (१९८६), आणि मग १५०.

जगभरात या प्रकारात एक मापदंड फार मानला जातो, अमेरिकेतल्या आयर्नमाइंड कंपनीचा रेड नेल, ५/१६ इंच जाड आणि ७ इंच लांब कोल्ड रोल्ड स्टीलचा तुकडा, दोन्ही टोकं दोन इंचांच्या आत आणायची. आपल्याकडे तसा सराव करायचा असेल तर ८ मिमीचा एमएस ब्राइट बार घ्या आणि १७८ मिमी कापा, जाडीत नावापुरता फरक पडतो. ब्राइट बार मागताना एमएसच सांगा, दुकानदार ईएन ८ हातात देईल तर तो बराच कडक असतो. हा तुकडा वरच्या शिडीत कुठे बसतो हे त्या बारच्या लॉटवर ठरतं, पण साधारण एम ६ १०.९ आणि पाव इंची ग्रेड ८ च्या आसपास धरा.

प्रत्येक पायरीवर किती थांबायचं? एकाच दिवशी, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, तीन तुकडे पूर्ण बंद झाले आणि दुसऱ्या दिवशी मनगटाला काही झालं नाही, तर पुढे जा. एकदा कसाबसा वाकला म्हणजे पायरी झाली असं नाही.

पट्ट्या

उघड्या हाताने कडक बोल्ट वाकवायला जाऊ नका, तळहात फाटेल. जाड लेदरच्या, कॅनव्हासच्या किंवा जुन्या जीन्सच्या दोन पट्ट्या घ्या, दहा सेंटीमीटर रुंद आणि हातभर लांब, बोल्टच्या दोन्ही बाजूंना अगदी घट्ट गुंडाळा, मधे बोटभर जागा उघडी ठेवा आणि रबर बँड लावून टाका. घट्ट म्हणजे खरोखर घट्ट, गुंडाळी हातात फिरायला नको. सैल गुंडाळीत तुमचा जोर कापड दाबण्यातच जातो.

पट्टी जितकी जाड आणि ताठ तितका बोल्ट सोपा होतो, म्हणून जीन्सवरून लेदरवर गेलात आणि नवीन बोल्ट वाकला तर आनंद करा पण वहीत पट्टीचंही नाव लिहा. बोल्टचं षटकोनी डोकं तळहाताच्या गादीत रुततं, तिथे एक वेढा जास्त द्या किंवा कानशीने कोपरे मारून घ्या. कापलेल्या टोकाची धार तर कानशीने मारायचीच, नाहीतर ते टोक पट्टीतून आरपार येतं. हात घामेजत असतील तर मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर (जिममधला चॉक) लावा.

वाकवताना: किंक, स्वीप, क्रश

पकडी बऱ्याच आहेत, पण कडक बोल्टसाठी मला डबल ओव्हरहँड सगळ्यात चांगली वाटते, म्हणजे दोन्ही तळहात जमिनीकडे. बोल्ट हनुवटीखाली, छातीच्या वरच्या भागाजवळ आडवा धरायचा, कोपरं बाहेर आणि वर, दोन्ही मुठी एकमेकींना जवळजवळ लागलेल्या. अंगठ्यांकडची बाजू मध्याला टेकू देते आणि करंगळीकडची बाजू टोकांना खाली दाबते. मनगट सरळ ताठ ठेवायचं, मागे मोडू द्यायचं नाही.

पहिला वाक म्हणजे किंक. सगळी लढाई इथे आहे. बोल्ट सरळ असताना तुमची सगळ्यात वाईट स्थिती असते, मनगट आणि पंजे एकटे काम करतात, छाती आणि पाठीला अजून पकड मिळालेली नसते. इथे हळूहळू जोर वाढवत बसू नका, श्वास घ्या, पोट आवळा आणि दोन-तीन सेकंदांत सगळा जोर ओता. स्टील हललं की कळतं, हातात एक मऊपणा येतो, वरचा झिंकचा थर चुरचुर तडकायला लागतो. तो क्षण आला की थांबायचं नाही, त्याच श्वासात जेवढा जाईल तेवढा न्यायचा. निदान तीस-चाळीस अंश तरी.

आमच्याकडे कबड्डी खेळणारा एक पोरगा येतो, पकड अशी की मनगट धरलं तर सुटायचं नाही, पण ६ मिमी ८.८ ला किंक पडत नव्हता. बाजूने बघितलं तेव्हा दिसलं की जोर लावताना त्याची कोपरं फासळ्यांकडे खाली येत होती, त्यामुळे मनगट मोडत होतं आणि सगळा जोर अंगठ्याच्या बुडाशी अडकत होता. आरशासमोर उभं केलं, कोपरं खांद्याच्या उंचीला धरायला लावली, आणि त्याच तासात बोल्ट हलला. तुमचाही किंक पडत नसेल तर ताकदीला दोष द्यायच्या आधी मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढा.

मग स्वीप. तीस-चाळीस अंशांपासून काटकोनापलीकडे. इथे पट्ट्या थोड्या सरकतात, पटकन पकड नीट करा आणि पुढे चला. छाती आणि पाठ आता कामाला लागते, कोपरं आत आणत दोन्ही हात एकमेकांकडे दाबायचे.

क्रश म्हणजे शेवटचा भाग. बोटं एकमेकांत अडकवा, तळहाताच्या गाद्या दोन्ही टोकांवर ठेवा, छातीसमोर धरून अक्रोड फोडल्यासारखं दाबा. टोकांमधलं अंतर ५० मिमीच्या आत आलं की बोल्ट पूर्ण झाला. मधल्या भागाला लगेच हात लावू नका, वाकलेली जागा चटका बसेल इतकी तापलेली असू शकते.

मध्ये थांबलं की स्टील थंड होऊन कडक होतं असं बरेच जण सांगतात. एवढ्याशा तापमानाने स्टीलमध्ये फारसा फरक पडत नाही, पण वाकलेली जागा मुळातच आधीपेक्षा कडक झालेली असते आणि थांबल्यावर आपला पंजा ढिला पडतो, पट्ट्या सैल होतात. त्यामुळे सल्ला बरोबरच आहे, एका मिनिटात संपवायचा प्रयत्न करा.

आठवड्याचं वेळापत्रक

आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. स्नायू लवकर भरून येतात, मनगटातले आणि कोपरातले टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) येत नाहीत, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत उत्साहात हेच विसरलं जातं.

पहिला दिवस जोराचा. सोपे दोन तुकडे वॉर्मअपला, मग चालू पायरीचे दोन किंवा तीन, प्रत्येकानंतर तीन-चार मिनिटं आराम, आणि शेवटी पुढच्या पायरीच्या बोल्टवर दोन-तीन वेळा फक्त किंकचा प्रयत्न. नाही हलला तर बाजूला ठेवा.

दुसरा दिवस हलका आणि तुकड्या-तुकड्यांचा. चार-पाच सोपे बोल्ट घेऊन फक्त किंक पाडा आणि तसेच ठेवून द्या, मग तेच बोल्ट पुढच्या वेळी स्वीप आणि क्रशला वापरा. क्रश कमजोर असेल तर हे फार कामाचं आहे, कारण शेवटचा भाग ताज्या हाताने करायला मिळतो.

त्याच दिवशी न हलणाऱ्या दांड्यावर आयसोमेट्रिक करा. १२ मिमीचा दांडा, तशाच पट्ट्या, किंकची पूर्ण स्थिती, आणि सहा ते आठ सेकंद जोर, चार-पाच वेळा. हे नवीन नाही, अलेक्झांडर झास नावाचा पहिलवान पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या कैदेत असताना बेड्या आणि गजांवर असाच जोर लावून ताकद टिकवत होता आणि पुढे ब्रिटनमध्ये लोखंड वाकवण्याचे खेळ करून नावाजला. न हलणाऱ्या वस्तूवर जोर लावला की त्या नेमक्या कोनातली ताकद वाढते, आणि किंक म्हणजे एकच कोन आहे.

जोडीला आपल्या तालमीतलं मुद्गल फिरवणं मला फार आवडतं, हलकं मुद्गल, मनगटावर लक्ष ठेवून. मुद्गल नसेल तर घणाचा दांडा टोकाला धरून हळू वर-खाली. आणि बोटं उघडण्याचा व्यायाम रोज, पाच बोटांवर जाड रबर बँड अडकवून उघडायचं, कारण सगळा सराव मूठ आवळण्याचा असतो आणि उघडणारे स्नायू मागे पडले की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होतं.

काय वाकवू नये

१२.९ चे अॅलन बोल्ट अजिबात नाही. ते वाकण्यापेक्षा तुटण्याची शक्यता जास्त आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. १०.९ घेताना चमकदार झिंक प्लेटिंगवाला टाळा, काळ्या फिनिशचा घ्या. प्लेटिंगच्या प्रक्रियेत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरून इतक्या कडक बोल्टला ठिसूळ करू शकतो, ८.८ पर्यंत ही काळजी फारशी नाही. स्टेनलेस बोल्ट सुरुवातीला हलतो, पण वाकता वाकता कडक होत जातो आणि क्रशला रडवतो, त्याची शिडी वेगळी ठेवा, या आकड्यांमध्ये मिसळू नका.

डोळ्यांना चष्मा लावा, साधा वर्कशॉपचा चालेल. समोर कोणी उभं नको. बोल्ट मांडीवर, मानेवर किंवा दातात धरून वाकवायचे जुने खेळ व्हिडिओत दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

दुखण्याचं कसं ओळखायचं? तळहाताची गादी काळीनिळी होणं, पंजे दोन दिवस जड राहणं हे चालतं. करंगळीच्या बाजूला मनगटात टोचल्यासारखं दुखणं, दार उघडताना किंवा पाण्याची बाटली फिरवताना कळ येणं, कोपराच्या आतल्या हाडावर दाबलं की दुखणं, बोटांना मुंग्या, यातलं काहीही आलं तर वाकवणं बंद. बरं झाल्यावर दोन पायऱ्या खाली येऊन सुरू करा. दुखत असताना आयसोमेट्रिकही नको.

अडकलात तर

तीन आठवडे एकाच बोल्टवर काही हललं नाही तर बघा अडकताय कुठे. किंकच पडत नसेल तर २० मिमीने जास्त लांब तुकडा घ्या आणि आयसोमेट्रिक वाढवा. किंक पडून काटकोनाच्या आसपास थांबत असेल तर बहुतेक पट्ट्या सरकताहेत, परत गुंडाळा. शेवटचे काही सेंटीमीटर राहत असतील तर हलक्या दिवसाचा क्रश दुप्पट करा आणि हात जवळ ठेवून पुशअप्स घाला.

लॉटचाही विचार करा. एकाच दुकानातले एकाच खुणेचे बोल्ट वेगवेगळ्या वेळी आणले तर फरक पडतो, म्हणून आवडलेल्या लॉटचे एकदम वीस-पंचवीस घेऊन ठेवा, आणि नवीन लॉट आला की पहिला बोल्ट टेकूंवर ठेवून मोजा. हे सोपं आहे: १०० मिमी अंतरावर दोन मजबूत टेकू, त्यावर बोल्ट, मधोमध पट्ट्याने प्लेट्स लटकवत जायच्या आणि वजन काढल्यावरही वाक राहिला की तो आकडा लिहायचा. साधा एम ६ ४.६ साधारण ३५ किलोच्या आसपास वाकायला हवा, ८.८ चा ९० च्या पुढे. प्लेट्स जमिनीपासून चार बोटांवरच असू द्या म्हणजे पडल्या तरी पायावर येणार नाहीत.

अर्धवट वाकलेला बोल्ट सरळ करून परत वाकवू नका, मधली जागा कडक झालेली असते आणि दुसऱ्या वेळी तिथे तडा जातो. त्याला तारखेची चिकटपट्टी लावा आणि हलक्या दिवशी तिथूनच पुढे क्रशला घ्या.